परमुलखात गाडी चालवताना

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. असरची नमाज झाली होती आणि आम्ही पडवीत बसून नव्या वर्षाच्या वेळापत्रकाची जुळवाजुळव करत होतो. देवगड बाजूचे एक चाचा आले. त्यांची दोन्ही मुले आमच्याच हाताखालून गेलेली. थोरला सौदीत दम्मामला, धाकटा शारजात. चाचांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि म्हणाले, "सर, जरा वाचून सांगा. अर्धा अरबीत हा, अर्धा इंग्लिशमध्ये. घरात कोणाक काय कळत नाय."

कागद विमा कंपनीचा होता. धाकटा दोन वर्षांपूर्वी व्हिजिट व्हिसावर शारजाला गेला. जाताना त्याने ओरोसच्या परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून नेला होता. व्हिजिटवर असताना त्या परवान्यावर तो चुलतभावाची गाडी चालवत असे आणि त्यात काही बेकायदा नव्हते. मग नोकरी लागली, पासपोर्टवर राहण्याचा व्हिसा चढला. परवान्यावरची मुदत अजून पाच महिने शिल्लक होती, म्हणून तो तसाच चालवत राहिला. एका रात्री सिग्नलपाशी रस्ता ओलांडणाऱ्या एका मजुराला धक्का लागला आणि त्याचा पाय मोडला. विमा कंपनीने जखमी माणसाची भरपाई दिली, आणि नंतर तीच रक्कम चुलतभावाकडून आणि आमच्या विद्यार्थ्याकडून परत मागितली. कारण एकच. अपघाताच्या दिवशी गाडी चालवणाऱ्याकडे त्या देशात चालणारा परवाना नव्हता.

आपल्या रुपयांत ती रक्कम सहा लाखांच्या घरात जात होती. चाचांकडे हापूसची चाळीस-पन्नास कलमे आहेत, दुसरे काही नाही. ती बाग त्यांनी तीन वर्षांसाठी व्यापाऱ्याला कराराने दिली आणि पैसे आगाऊ घेतले. म्हणजे तीन हंगाम आपल्याच बागेतला आंबा दुसऱ्याच्या पेटीत जाताना बघायचा.

सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले, "सर, लायसन खरा होता ना? सरकारनंच दिल्लला. मग थंय कित्याक चलाचा नाय?"

प्रश्न अगदी रास्त होता. त्या संध्याकाळी आम्ही त्याचे धड उत्तर देऊ शकलो नाही. नंतर वाचले, ओळखीच्या आखातवाल्यांना फोन केले, ओरोसला एक फेरी मारली. मिळाले ते इथे लिहितो, कारण बांद्यापासून खारेपाटणपर्यंत आपल्या बिरादरीतले असे घर विरळाच, ज्यातला कोणी ना कोणी परक्या नंबरप्लेटची गाडी चालवत नाही.

मुळात गोंधळ होतो तो असा. आपण 'गाडीचे कागद' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर एकच पाकीट असते. प्रत्यक्षात त्या पाकिटात वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या गोष्टींसाठी दिलेल्या परवानग्या असतात. परवाना माणसाचा असतो. नोंदणी गाडीची. विमा त्या दोघांपासून तिसऱ्याला होणाऱ्या नुकसानीचा. आणि सरहद्द ओलांडायची झाली तर जकातीचा कागद आणखी वेगळा, कारण जकात खात्याच्या नजरेत गाडी ही वाहन नसते, माल असते. यातला एक कागद पक्का आहे म्हणून दुसरा आपोआप पक्का होत नाही. धाकट्याची गाडी नोंदलेली होती, विमा चालू होता, रस्ता त्याच देशातला होता. लटकला तो फक्त माणसाच्या कागदावर.

त्या आंतरराष्ट्रीय परवान्याचे मूळ १९४९ मध्ये जिनिव्हात झालेल्या रस्ते वाहतुकीच्या करारात आहे. भारत त्या करारात आहे. एका देशाच्या माणसाने दुसऱ्या देशात पाहुणा म्हणून तात्पुरती गाडी चालवावी, एवढ्यासाठी ही सोय केली गेली. पाहुणा हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. हा परवाना स्वतंत्र लायसन नाही. आपल्या मूळ लायसनचे ते अनेक भाषांतले प्रमाणित भाषांतर आहे. मूळ लायसन जवळ नसेल तर नुसत्या पुस्तिकेला किंमत नाही. मुदत एक वर्षाची, आणि मूळ लायसनची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढ्याच दिवसांची. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशभर एकच नमुना ठरवला. त्याआधी वेगवेगळ्या राज्यांत पुस्तिकेचा रंग आणि आकार वेगळा असे आणि परदेशात हुज्जत होई. आता तिच्यावर क्यूआर कोड असतो आणि तो मूळ लायसनशी जोडलेला असतो.

संयुक्त अरब अमिरातीत व्हिजिटवर आलेल्या भारतीयाला या परवान्यावर गाडी चालवता येते. पण राहण्याचा व्हिसा मिळाला की तो पाहुणा राहत नाही, तिथला रहिवासी होतो. त्या दिवसापासून त्याला तिथलेच लायसन लागते. पुस्तिकेवर पाच महिने शिल्लक असोत की अकरा, त्याने फरक पडत नाही. आणि काही देशांच्या लायसनच्या बदल्यात तिथे सरळ लायसन मिळते तसे भारतीय लायसनवर मिळत नाही. शिकवणी, लेखी परीक्षा, रस्त्यावरची परीक्षा, सगळे करावे लागते. दुबईने २०२३ पासून आपल्या देशाचे लायसन असलेल्यांना शिकवणीचे वर्ग न करता एकदाच थेट परीक्षेला बसण्याची संधी देऊ केली. पण परीक्षा टळत नाहीच, आणि त्या एका संधीत नापास झालात तर पुन्हा वर्गात बसावे लागते.

सौदीतही मूळ तत्त्व हेच आहे. व्हिजिटवर आलेल्याला मर्यादित काळ सवलत, इकामा मिळालेल्याला तिथले लायसन. २४ जून २०१८ पासून तिथे बायकांनाही गाडी चालवता येते. त्यामुळे नवऱ्याकडे गेलेल्या आपल्या मुलींनाही आता हाच प्रश्न पडतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात स्कूटर चालवून लायसन मिळवलेल्या मुलीने लक्षात ठेवावे की पुस्तिकेत वाहनाचे वर्गही तेच उतरतात जे मूळ लायसनवर आहेत. दुचाकीच्या लायसनवर चारचाकीचा शिक्का कोणी मारून देत नाही.

ब्रिटनमध्ये वेगळेच. तिथे राहायला गेलेल्या भारतीयाला आपल्या लायसनवर बारा महिने चालवता येते, नंतर मात्र तिथली परीक्षा. म्हणजे लेस्टरचा मामेभाऊ फोनवर सांगेल ते शारजात लागू पडेल असे नाही. आणि आपल्याकडे तर सल्ला बहुतेक वेळा मामेभावाकडूनच येतो.

उर्दू शिकवणाऱ्याला या सगळ्यात एक गंमत दिसते ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. अरबी देशांतल्या गाडीच्या कागदांची नावे ऐकली तर आपल्या घरातलेच शब्द वाटतात. लायसनला ते 'रुख्सा' म्हणतात, आपली उर्दूतली रुख्सत, म्हणजे परवानगी. गाडीच्या नोंदणीपत्राला अमिरातीत आणि ओमानमध्ये 'मुल्किया', म्हणजे मिल्कियत. सौदीत त्यालाच 'इस्तिमारा'. विमा म्हणजे 'तामीन', अमन आणि अमान यांच्याच कुळातला. आणि दुसऱ्याची गाडी आपण चालवावी म्हणून मालकाने दिलेली लेखी परवानगी, ती 'तफवीज'. हा शब्द निकाहनाम्यातून आपल्याला माहीत आहे. नवरा आपला अधिकार बायकोकडे सोपवतो तो तलाक-ए-तफवीज. सोपवणे हाच त्याचा अर्थ. गाडीच्या बाबतीतही तेच: मालकी माझी, चालवण्याचा हक्क अमक्या तारखेपर्यंत तुझ्याकडे सोपवला.

हा तफवीजचा कागद थोरल्याच्या कामाचा. दम्मामपासून बहरीन जवळ. दोन देशांना जोडणारा किंग फहद पूल १९८६ मध्ये सुरू झाला. सुमारे पंचवीस किलोमीटरचा हा रस्ता समुद्रावरून जातो आणि मधल्या बेटावर दोन्ही देशांच्या चौक्या आहेत. शुक्रवारी सुट्टीला मित्रांबरोबर बहरीनला जाऊन यायचे, हा तिथल्या कामकरी मुलांचा लाडका बेत. पण पुलाच्या मध्यावर सौदी नंबरप्लेटची गाडी परदेशी गाडी होते. मग विचारणा सुरू होते. इस्तिमारा कोणाच्या नावावर? मालक गाडीत आहे का? नसेल तर तफवीज कुठे? तीही देशाबाहेर नेण्याची हवी. सौदीत ही परवानगी आता सरकारी 'अबशर' प्रणालीवरून दिली जाते. गाडी हप्त्यावर किंवा भाडेकरारावर घेतली असेल तर कागदावर मालक बँक किंवा कंपनी असते, आणि परवानगी तिची लागते. गाडी रोज आपण चालवतो म्हणून ती आपली होत नाही. त्यानंतर बहरीनचा विमा, कारण सौदीतला विमा पुलापलीकडे लागू असेलच असे नाही. आणि माणसाचा बहरीनचा व्हिसा आणि सौदीत परत येण्याचा व्हिसा हे तर आणखी निराळे.

अमिरातीतून ओमानला जाणाऱ्यांचेही असेच. हत्ताच्या चौकीवर ओमानपुरता विमा दाखवावा लागतो. अरब देशांनी १९७५ च्या ट्यूनिस कराराने यासाठी एक सामाईक विमापत्र ठरवले. त्याच्या रंगावरून सगळे त्याला नारिंगी कार्ड म्हणतात. युरोपातल्या हिरव्या कार्डाचा हा अरबी भाऊ. हे कार्ड आपल्याच विमा कंपनीकडून निघण्याआधी घ्यायचे असते. ईदच्या सुट्टीत सलालाला निघालेली चार मुले चौकीवरून परत फिरली, ही हकीकत आम्ही एकाहून जास्त लोकांकडून ऐकली. तिथे नुकसान झाले ते पेट्रोलचे आणि सुट्टीचे. चौकीवर कोणी अडवले नसते आणि पुढे डोंगरात अपघात झाला असता, तर गोष्ट देवगडच्या बागेपर्यंत आली असती.

अपघातात माणूस दगावला तर आखातात दियतचा प्रश्न येतो. चुकून झालेल्या मृत्यूबद्दल वारसांना द्यायची ही रक्कम कुरआनच्या सूरह निसामध्ये सांगितली आहे, आणि अमिरातीत कायद्याने ती दोन लाख दिरहम ठरली आहे. चालवणाऱ्याकडे परवाना असेल आणि विमा लागू असेल तर विमा कंपनी ती भरते. नसेल, तर कंपनी वारसांना देऊन चालवणाऱ्याच्या मागे लागते. आपल्याकडचे न्यायालयीन तत्त्वही फार वेगळे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यात हेच मांडले की अपघातग्रस्ताला आधी पैसे मिळावेत आणि विमा कंपनीने ते नंतर मालकाकडून वसूल करावेत. आपल्या मोटार वाहन कायद्यात तर परवाना नसलेल्याच्या हाती गाडी देणारा मालकही गुन्हेगार ठरतो. चुलतभावाने प्रेमापोटी किल्ली दिली होती. आज तो आणि चाचांचे घर एकमेकांशी बोलत नाहीत.

परक्या मुलखातल्या कागदाची ही भानगड आपल्या किनाऱ्याला नवी नाही. फक्त तेव्हा चाके नव्हती, शिडे होती. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात हुकूम चालवला की आमचा परवाना असल्याशिवाय कोणतेही जहाज जाऊ नये. त्या परवान्याला ते 'कार्ताझ' म्हणत. हा शब्द अरबी 'किर्तास' म्हणजे कागद यावरून आला असे मानतात. म्हणजे शब्दही आपलाच आणि अडवणूकही आपलीच. हजला जाणारी जहाजेही यातून सुटली नाहीत. बाबराची मुलगी आणि अकबराची आत्या गुलबदन बेगम हिचा काफिला १५७६ मध्ये सुरतेहून निघाला, पण त्याआधी पोर्तुगीज परवान्यापायी बराच काळ तिथे खोळंबून राहिला. बादशहाच्या घरच्या बायका, तरी कागद हवाच. पुढे १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम सुरू केले. मराठ्यांचे आरमार उभे राहिले आणि मग कोकण किनाऱ्यावर मराठ्यांचे 'दस्तक' चालू लागले. कान्होजी आंग्र्यांच्या काळात त्यांचे दस्तक नसलेले जहाज इंग्रजांचे असले तरी सुखरूप जाईल याची खात्री नव्हती.

गोव्याचे उदाहरण तर आणखी जवळचे. आज बांद्याहून पत्रादेवी ओलांडताना गाडीचा वेगही कमी होत नाही. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तो परमुलूख होता आणि त्या रेषेपलीकडे लिस्बनचे राज्य होते. पोर्तुगालने स्वतः १९२८ मध्ये रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायला सुरुवात केली, पण गोवा डावीकडेच राहिला, कारण शेजारी हिंदुस्थान डावीकडून चालत होता. राज्य परके, पण रस्त्याला शेजाऱ्याशी जुळवून घ्यावे लागले.

आता गोव्याची पाटी परदेशी नाही, तरी 'जीए' पाटीची गाडी स्वस्त पडते म्हणून घेऊन वर्षानुवर्षे कुडाळ-सावंतवाडीत फिरवणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचे ४७ वे कलम एकदा वाचावे. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवलेली गाडी तिथे नव्याने नोंदवावी लागते. याबद्दल इथे इतकेच.

मुख्य प्रश्न आमच्याकडे दर सुट्टीत येतो तो उलट दिशेचा. "सर, तिकडची गाडी इकडे आणता येईल का?" आखातात वापरलेली गाडी स्वस्तात मिळते, मुलाला तिचा लळा लागलेला असतो, आणि गावात ती उभी राहिली तर चार लोक बघतील हेही असतेच. उत्तर असे की कायमची आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि तिचे स्टिअरिंग उजवीकडे हवे. आखातातल्या गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे असते. तिथेच विषय संपतो, जकातीपर्यंत जायची गरजच पडत नाही.

तात्पुरती आणता येते. त्यासाठी 'कार्ने' नावाची पुस्तिका लागते, जिला गाडीचा पासपोर्ट म्हणता येईल. ती सरकार देत नाही, मोटार चालकांच्या मान्यताप्राप्त संघटना देतात. आपल्याकडे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही १९१९ पासूनची संस्था हे काम करते. पुस्तिका देताना संघटना बँकेची मोठी हमी घेते, कारण गाडी ठरल्या मुदतीत परत गेली नाही तर जकात खाते त्या संघटनेकडून पूर्ण जकात वसूल करते. प्रत्येक सरहद्दीवर पुस्तिकेचे एक पान फाडले जाते, आत येताना एक, बाहेर जाताना एक. बाहेर जातानाचा शिक्का राहिला तर कागदोपत्री गाडी अजून त्या देशातच आहे असे धरले जाते आणि हमी अडकते. पर्यटक म्हणून आलेल्याला भारतात साधारण सहा महिने गाडी ठेवता येते.

अशी गाडी इथल्या रस्त्यावर आली की २०२२ चे नियम लागू होतात. परदेशी नोंदणीच्या खासगी वाहनांसाठी केंद्राने ते ऑगस्ट २०२२ मध्ये काढले. गाडीत नोंदणीपत्र, चालवणाऱ्याचा वैध परवाना किंवा आंतरराष्ट्रीय परवाना, विमा आणि मूळ देशात लागू असेल तर प्रदूषण प्रमाणपत्र हवे. कागद इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत असतील तर अधिकृत इंग्रजी भाषांतर सोबत हवे. म्हणजे नुसत्या अरबी इस्तिमाऱ्यावर भागत नाही. अशा गाडीतून इथले प्रवासी किंवा माल वाहता येत नाही. मालवणच्या तारकर्ली रस्त्यावर पर्यटकांना फिरवून चार पैसे काढण्याचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो तिथेच सोडावा. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीसाठी कायद्यात आणखी एक जुनी अट आहे, वळण्याचा इशारा देणारे यंत्र चालू स्थितीत हवे. आपल्या घाटातल्या वळणांवर डावीकडे बसून पुढच्या ट्रकला ओलांडणे कसे असते, हे ज्याने केले त्याला विचारावे.

उलट, भारतीय पाटीची गाडी नेपाळला नेणे त्यामानाने सोपे. तिथे आपले लायसन चालते. सरहद्दीवर 'भन्सार' म्हणजे जकात भरायची, दिवसांच्या हिशेबाने. मुंबईहून लंडनला मोटारीने जाणाऱ्यांच्या बातम्या आपण वाचतो. त्यांना चीनमध्ये तात्पुरती चिनी नंबरप्लेट आणि तात्पुरते चिनी लायसन घ्यावे लागते, कारण चीन आंतरराष्ट्रीय परवाना मानत नाही. परदेशात जाणाऱ्या गाडीवर देशाची खूण लावावी लागते, पांढऱ्या अंडाकृतीत काळी अक्षरे, भारताची 'आयएनडी'. आपल्या नव्या नंबरप्लेटच्या कडेला निळ्या रंगात हीच अक्षरे असतात, पण परदेशात ती वेगळी अंडाकृती पट्टीच मागितली जाऊ शकते.

नंबरप्लेट म्हणजे काय, हे आमच्या मोहल्ल्याला १९९० मध्ये कळले. आम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. २ ऑगस्टला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि आमच्या आळीतल्या चार घरांत चूल पेटेना. कोकणातल्या मुसलमानांची कुवेतशी किती जुनी ओळख आहे हे वाचकांना सांगायला नको. तिथून निघायचा रस्ता म्हणजे बगदादवरून जॉर्डनची सरहद्द आणि पुढे अम्मान. कित्येक जण आपल्याच गाड्यांतून निघाले. इराकने कुवेतला आपला प्रांत जाहीर केले आणि कुवेती पाट्या काढून इराकी पाट्या लावण्याचा हुकूम काढला. ज्या राज्याने गाडीवर आपला शिक्का मारला होता, ते राज्यच कागदावरून पुसले गेले होते. कष्टाने घेतलेल्या गाड्या लोकांनी वाटेत सोडल्या. एअर इंडियाने अम्मानहून एक लाखाहून जास्त भारतीयांना आणले. आमच्या शेजारचे एक मरहूम बुजुर्ग त्यांत होते. पुढे कित्येक वर्षे त्यांच्या कपाटात त्या गाडीचे कुवेती नोंदणीपत्र होते. "गाडी गेली, पण मालक मीच," ते हसत म्हणत.

ओरोसला आम्ही गेलो तेव्हा कळलेली एक साधी गोष्ट सांगतो, कारण तिथेच सर्वात जास्त मुले अडकतात. आंतरराष्ट्रीय परवान्याचा अर्ज नमुना ४-अ मध्ये, ऑनलाइन 'सारथी'वर भरायचा. शुल्क एक हजार रुपये. पासपोर्ट, लायसन, फोटो. पण मूळ लायसन जिवंत हवे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत काढलेले लायसन चाळिशीपर्यंत चालते, तीस ते पन्नास वयात काढलेले दहा वर्षे, पंचावन्न उलटल्यावर पाच-पाच वर्षे. मुदत संपल्यावर वर्षभराच्या आत नूतनीकरण झाले तर ठीक. वर्ष उलटले की पुन्हा परीक्षा. आखातात सात-आठ वर्षे काढून आलेला मुलगा इथे जुने, मेलेले लायसन खिशात घेऊन बिनधास्त मोटरसायकल काढतो. त्याला वाटते, अमिरातीचे लायसन आहे की. ते भारतात नुसते चालत नाही, तिथून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना सोबत लागतो. परदेशात असताना भारतीय आंतरराष्ट्रीय परवान्याची मुदत संपली तर २०२१ पासून आपल्या वकिलातीमार्फत अर्ज करता येतो आणि त्यासाठी वैद्यकीय दाखला किंवा व्हिसा मागितला जात नाही. आणि इंटरनेटवर कोणी दहा वर्षांचे 'इंटरनॅशनल लायसन' विकत असेल, तर ते कागदाचे शोभिवंत पान आहे, परवाना नाही.

चाचांना हे सगळे आम्ही दुसऱ्या भेटीत सांगितले. ते ऐकत होते, मान डोलवत होते, पण चाची आत दारात उभ्या राहून जास्त लक्ष देऊन ऐकत होत्या. त्या शाळेत चौथीपर्यंत. कुरआन मात्र रोज पहाटे नाजरा वाचतात, त्यामुळे अरबी अक्षरे आणि आकडे त्यांना आमच्याइतकेच येतात.

"थोरल्याचा कागद बघूया," त्या म्हणाल्या. मोबाइलवर फोटो होता. मुलाने नवीन लायसन मिळाले तेव्हा कौतुकाने पाठवलेला. चाचींनी चष्मा लावला, बोट ठेवून एकेक अक्षर जुळवले. "रुख्सा," त्या म्हणाल्या. मग खालची तारीख. ती हिजरी होती. चाचांनी कधी ती वाचायचा प्रयत्नच केला नव्हता, दहा वर्षांचे आहे एवढेच त्यांना माहीत. आता दहा हिजरी वर्षे म्हणजे आपल्या कॅलेंडरपेक्षा साधारण साडेतीन महिने कमी, हे आम्ही सांगायच्या आतच चाची उठल्या. भिंतीवरचे उर्दू कॅलेंडर काढून आणले, पाने उलटली.

"रज्जब," त्या म्हणाल्या. "ह्याच सालचा. मेराजच्या आधी संपता."

चाचांनी तिथेच दम्मामला फोन लावला. पलीकडून मुलगा म्हणाला, "अब्बा, अजून बराच वेळ हा, काय घाई?" चाचींनी फोन हातात घेतला आणि त्याला आजची हिजरी तारीख विचारली. त्याला ती सांगता आली नाही.